दीड दिवस फिल्डिंग

मुंबईत राहणाऱ्या साठीपुढच्या मराठी माणसाला एकदा विचारून बघा, "काय हो, क्रिकेट खेळायचात की नाही?" तो आधी चष्मा काढील, पुशील, परत लावील आणि मग आपण रणजीपर्यंत पोचता पोचता कसे राहिलो ते सांगू लागेल. कुणाचा ऐन वेळी गुडघा गेला. कुणाचे वडील आडवे आले ("आधी बी.कॉम. हो, मग फिरव ती फळी"). कुणाच्या जागी सिलेक्टरचा भाचा गेला. आमच्या सोसायटीत अशी सात माणसे आहेत. या सातांवर विश्वास ठेवायचा तर मुंबईचा त्या काळचा रणजी संघ म्हणजे यांच्या गैरहजेरीत कशीबशी गोळा केलेली मंडळी होती. आता ती मंडळी १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक घरी आणत होती, ही गोष्ट वेगळी. हे सात जण असते तर सोळाव्या वर्षीही आला असता, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे तसे नाही. मी कुठेही पोचता पोचता राहिलेलो नाही. मी शाळेतर्फे हॅरिस शिल्ड खेळलो आहे. एकच सामना. फलंदाजी : पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात शून्य नाबाद. गोलंदाजी : दिली नाही. फिल्डिंग : दीड दिवस. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा मखरात बसलेला असतो. मी उभा होतो.

हे सगळे आता उकरून काढायचे कारण म्हणजे आमच्या सोसायटीची स्मरणिका. गणपतीत दरवर्षी निघते. तीत सत्यनारायणाचा हिशेब, दहावी-बारावीच्या मुलांचे फोटो आणि मधल्या पानांवर 'वैचारिक मजकूर' असतो. यंदा सेक्रेटरींच्या मनात आले की मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या इतिहासावर लेख हवा. ते माझ्याकडे आले. "काका, सोसायटीत हॅरिस शिल्ड प्रत्यक्ष खेळलेले तुम्ही एकटेच. नऊशे शब्द द्या. जरा अभिमानास्पद पाहिजे." मी आठ दिवस खपून लेख लिहिला. नवव्या दिवशी तो परत आला. "काका, लिहिलंय छान, पण यात विक्रम कुठे आहेत? सगळं हरलेल्यांबद्दलच आहे. जरा निगेटिव्ह झालंय."

तर त्या परत आलेल्या लेखातली तक्रार मी इथे मांडतो आहे. इथे शब्दांची मर्यादा नाही आणि अभिमानाची सक्तीही नाही.

आधी इतिहास सांगून टाकतो, म्हणजे सेक्रेटरींचे समाधान होईल. लॉर्ड हॅरिस हे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते आणि १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. एकोणिसावे शतक संपता संपता मुंबईतल्या शाळाशाळांत सामने सुरू झाले ते त्यांच्या नावाच्या ढालीसाठी. पाठोपाठ लहान मुलांसाठी जाइल्स शिल्ड आले. आज हॅरिस सोळा वर्षांखालच्यांचे आणि जाइल्स चौदा वर्षांखालच्यांचे आहे. सव्वाशे वर्षे होऊन गेली. साहेब गेला, ट्राम गेली, गिरण्या गेल्या. या दोन ढाली राहिल्या. हे मला खरोखरच कौतुकाचे वाटते. आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप तीन वर्षे टिकत नाही.

पण ज्यांच्या नावाची ढाल, त्या हॅरिससाहेबांचे मैदानाबाबतचे धोरण काय होते? फोर्टाजवळच्या मैदानावर त्या काळी आपली मुले क्रिकेट खेळायची आणि गोरे साहेब पोलो. पोलोचे घोडे त्याच गवतावरून दौडायचे आणि खेळपट्टीचे शेत व्हायचे. 'निदान घोडे तरी आवरा' असे अर्ज एतद्देशीय खेळाडूंनी वर्षानुवर्षे केले. हॅरिससाहेबांपुढेही ते गाऱ्हाणे गेले आणि साहेबांनी दाद दिली नाही. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थांनी या सगळ्या भांडणाची हकिकत १८९७ साली पुस्तकात लिहून ठेवली आहे. न्यायाने बोलायचे तर समुद्राकाठी जिमखान्यांना जागा मिळाल्या, त्यातही या साहेबांचा हात होता. तेव्हा त्यांना अगदीच खलनायक करू नये. पण मुलांच्या खेळाची पहिली लढाई मैदानासाठी होती आणि ती मुले तेव्हा हरली होती, एवढे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता माझा सामना.

आमची शाळा गिरगावातल्या एका गल्लीत होती. शाळेचे मैदान म्हणजे इमारतीच्या मधला चौक. त्यात प्रार्थना व्हायची, डबे खाल्ले जायचे आणि पावसाळ्यात छत्र्या वाळायच्या. आमचे खेळाचे सर मूळचे भूगोलाचे. त्यामुळे मैदानावर वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे ते अचूक सांगत. त्या वाऱ्याचे करायचे काय, हे मात्र भूगोलात नव्हते. शाळेच्या मालकीच्या दोन बॅटी होत्या, त्यातल्या एकीला सुतळी बांधलेली. ग्लोव्ह्ज तीन. अकरा मुले जमेनात म्हणून कबड्डीच्या संघातून दोघे उसने आणले होते. माझी निवड माझ्याकडे पांढरी पँट होती म्हणून झाली. वडिलांची होती, आईने अल्टर करून दिली होती.

समोरची शाळा मोठी होती. तिचे नाव मी सांगत नाही, कारण अजून माझ्या नात्यातली दोन मुले तिथे शिकतात. त्यांचा कप्तान सकाळी दाढी करून आला होता. सोळा वर्षांखालच्या मुलाने दाढी करू नये असा नियम नाही, पण त्याने ती रोज करावी लागते अशा सफाईने केली होती. नाणेफेक त्यांनी जिंकली. साडेदहाला त्यांनी बॅटिंगला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुटीनंतर कधीतरी ते थांबले. त्या वेळी त्यांच्या पाचशे बारा धावा झाल्या होत्या आणि तीन बाद. त्या तिघांतला एक रनआउट होता. तो हसून पळायचा थांबला म्हणून.

मी डीप फाइन लेगला होतो. आझाद मैदानावर उभे राहिलेल्यालाच ही जागा कळेल. तिथे एका वेळी वीस-बावीस सामने चालतात. एकाचा थर्डमॅन दुसऱ्याच्या लाँगऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. आमच्या शेजारी कुणाचा कोणता सामना चालला होता मला माहीत नाही. पण त्या दीड दिवसात मी त्यांचे पाच चौकार अडवले. त्यांचा कप्तान एकदा लांबून ओरडला, "थँक्यू हं!" माझ्या क्रिकेटच्या कारकिर्दीतली ती एकमेव शाबासकी, आणि तीही दुसऱ्याच सामन्यातली.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. मीही हे लग्नाकार्यात सांगतो आणि लोक हसतात. पण एक गोष्ट मी लग्नाकार्यात सांगत नाही. आमच्या संघात एक खरा खेळाडू होता. लेगस्पिनर. बारीक, चष्मेवाला, गल्लीत रबरी चेंडू असा वळवायचा की तो अख्ख्या चाळीला वळसा घालून येतो की काय असे वाटावे. त्या सामन्यात त्याला लागोपाठ टाकायला लावले, कारण दुसरे कुणी टाकूच शकत नव्हते. पहिल्या तासात त्याचे दोन झेल सुटले. एक कबड्डीवाल्याकडून, एक (सांगूनच टाकतो) माझ्याकडून. मग त्याची धुलाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या तिघांची पोटे दुखू लागली आणि आम्ही आठच आलो. तो आला होता. बोटाला चिकटपट्टी लावून आला आणि टाकत राहिला. आमचे डाव एक्केचाळीस आणि अडतीस धावांत संपले. सामना संपल्यावर त्याने चेंडू पंचांच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि चालू लागला. त्यानंतर तो गल्लीतसुद्धा खेळला नाही. खेळायला बोलवायला गेलो की त्याची आई दारातूनच सांगायची, "अभ्यास करतोय."

तो पुढे मोठा खेळाडू झाला असता असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर मी आमच्या सोसायटीतला आठवा होईन. माझे म्हणणे एवढेच, की त्याला खेळायला आवडत होते आणि आपण दीड दिवसात त्याची आवड मोडून दिली. त्या स्पर्धेचे काम त्याच्या उलट होते.

"अहो, पण ६६४!" सात जणांपैकी कुणीतरी इथे ओरडणारच. ओरडावेच. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. दोन बाद ८४ वर चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर खेळायला आला आणि त्याने व विनोद कांबळीने ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, डाव दोन बाद ७४८ वर घोषित. मग कांबळीने ३७ धावांत सहा बळीही घेतले आणि सेंट झेवियर्सचा डाव १४५ मध्ये आटोपला. या भागीचा अभिमान मलाही आहे. इतका, की तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. कारण विचारल्यावर मला सांगता आले नाही.

पण हीच गोष्ट नीट ऐका. पॅड बांधून पुढच्या नंबरावर अमोल मुझुमदार बसला होता. दोन दिवस बसून राहिला. ज्या मुलाने पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या, त्याच्या वाट्याला त्या सामन्यात एक चेंडूही आला नाही. आणि सेंट झेवियर्स काही ऐरीगैरी शाळा नव्हे, सुनील गावसकरांची शाळा. तिच्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून कसोटी खेळला. तो चिवट निघाला. पण त्या उन्हात त्याच्याबरोबर पळणारी इतर मुले? त्यांची नावे तुम्हाला येतात का? मला येत नाहीत. ६६४ मात्र आपल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ आहे.

या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग तर आपण गंमत म्हणून सांगतो. रमाकांत आचरेकर सरांचा निरोप होता की डाव सोडा. सरांचे सहायक सीमारेषेवरून हात करत होते, आणि ही दोन पोरे तिकडे बघतच नव्हती. शेवटी जेवणाच्या सुटीत कांबळीने सरांना फोन लावला : सर, ३५० ला एकच धाव हवी आहे. सर म्हणाले, डाव सोड. सोडला. ३४९.

आता सांगा, एका धावेने आचरेकर सरांचे काय बिघडत होते? काहीच नाही. पण त्या माणसाने आयुष्य मैदानात काढले होते. सामना जिंकायला हव्या तेवढ्या धावा केव्हाच झाल्या आहेत, आता समोरच्यांनाही खेळू द्यायचे, हे त्यांना कळत होते. खुद्द गुरूला थांबायची घाई होती आणि आपण मात्र छत्तीस वर्षांहून अधिक काळ हळहळतो आहोत, की अरेरे, एक धाव राहिली!

त्यानंतर तर चढाओढच लागली. २००९ साली सर्फराझ खानने हॅरिसमध्ये ४३९ काढल्या. २०१० मध्ये अरमान जाफरने जाइल्समध्ये ४९८. २०१३ मध्ये पृथ्वी शॉने हॅरिसमध्ये ५४६. ही सगळी पोरे गुणी, त्यांच्यात खोट काढणारा मी कोण? मी शून्य नाबाद. पण मला सांगा, मुंबईची हवा अचानक इतकी पौष्टिक कशी झाली? एकाच शहरात, एकाच वयाची मुले एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि एकजण एकट्याने पाचशे काढतो. तो मोठा असेलच. पण सामना लहान आहे, हेही त्यातून कळत नाही का? चांगला खेळणारा मुलगा दिसला की तो मोठ्या संघाच्या शाळेत जातो. सचिनही वांद्र्याची शाळा सोडून आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शारदाश्रमात आलाच होता. त्यात मुलाचे काही चुकत नाही, चांगला गुरू जिथे आहे तिथे जायचेच. पण सगळी साखर एकाच डब्यात गेली की बाकीच्या घरांत चहा कसला होणार? मग पहिल्या फेरीत एका बाजूला तो डबा आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी पांढऱ्या पँटवर निवडलेली शाळा.

याचा शेवट ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणात झाला. हे हॅरिस शिल्ड नव्हे, भंडारी करंडकाचा आंतरशालेय सामना, पण तऱ्हा तीच. प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या. ३२३ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. डाव तीन बाद १४६५ वर घोषित. त्याने मोडला तो विक्रम ११७ वर्षांचा होता : १८९९ साली इंग्लंडात क्लिफ्टन कॉलेजात तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने काढलेल्या नाबाद ६२८ धावा. समोरच्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. त्या संघात बारा वर्षांची वगैरे चिमुरडी पोरे होती, मोठी दहावीच्या अभ्यासात होती आणि सीमारेषाही जवळ होती, हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांतच आले होते. म्हणजे आमच्यासारखेच, फक्त आमची पोटे दुखत होती, त्यांची परीक्षा होती.

दुसऱ्या दिवशी देशभर पहिल्या पानावर प्रणव. रिक्षाचालकाचा मुलगा म्हणून कौतुक, मोठमोठ्यांच्या शाबासक्या, क्रिकेट संघटनेकडून महिना दहा हजारांची पाच वर्षांची शिष्यवृत्ती. ते सगळे छान झाले. पण पुढचे आतल्या पानावर आले. हजार धावांचा मुलगा म्हटल्यावर जिथे जाईल तिथे लोक हजारच मागू लागले. पंचवीस काढले तरी हिरमोड. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी संघटनेला कळवले की त्याची कामगिरी होत नाही, तेव्हा शिष्यवृत्ती बंद करा. असे पत्र लिहिणारा बाप या देशात दुसरा दाखवा. मला विचाराल तर त्या सामन्यात मोठे काय होते, तर ते पत्र. आणि दोष होता तो तो सामना तसा जमवणाऱ्यांचा आणि दुसऱ्या दिवशी ढोल वाजवणाऱ्यांचा. त्यांनी एका दिवसात दोन गोष्टी केल्या : अकरा पोरांची हाडे मोडली आणि बाराव्याच्या पाठीवर हजार धावांचे ओझे ठेवले.

यावर आमच्या सात जणांची उत्तरे मला तोंडपाठ आहेत. गच्चीवर रोज ऐकतो.

एक म्हणतात, "अहो, यातूनच खेळाडू तयार होतात." होतात ना! पण कशाने होतात? बारा वर्षांच्या पोराला सिक्स मारून कुणी कसोटी खेळाडू होत नाही. समोर कुणी तरी धड चेंडू टाकणारा लागतो. आपण दरवर्षी चष्मेवाल्या लेगस्पिनरांना घरी पाठवतो आणि मग वर्तमानपत्रात वाचतो की मुंबईला फिरकी गोलंदाज मिळत नाहीत.

दुसरे म्हणतात, "हरायला शिकलं पाहिजे मुलांनी." मान्य. मी स्वतः हरण्यात पदवीधर आहे. पण थोडक्यात हरलेला मुलगा रात्री झोपेत शॉट मारतो आणि सकाळी लवकर उठतो. चारशे धावांनी हरलेला मुलगा काहीच शिकत नाही. पांढरी पँट परत द्यायला मात्र शिकतो.

तिसरे म्हणतात, "मुंबईत जागा कुठे आहे हो?" हा प्रश्न बरोबर आहे आणि म्हणूनच मघाशी मी पोलोचे घोडे लक्षात ठेवायला सांगितले. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय पाहिजे त्याची यादी आहे. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि खेळाचे मैदान. कायद्यात मैदान आहे. आमच्या गल्लीतल्या शाळेत अजून चौकच आहे, आणि त्यात आता सरांच्या स्कूटर लागतात. घोडे गेले, स्कूटर आल्या. मुले तिथेच, कडेला उभी.

आता नुसती तक्रार करून थांबलो तर सेक्रेटरी पुन्हा 'निगेटिव्ह' म्हणतील, म्हणून उपायही सांगतो. फुकट आहेत. एक : शालेय सामन्यात शंभर झाले की टाळ्या वाजवाव्यात, मुलाने बॅट उंच करावी आणि निवृत्त होऊन सरबत प्यावे. पुढचा अमोल मुझुमदार पॅड सोडायच्या आत खेळायला जाईल. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात लहान मुलांच्या कितीतरी स्पर्धांत ठरावीक धावांनंतर निवृत्त व्हायचा नियम आहेच. तिथले क्रिकेट त्याने बुडालेले नाही. दोन : शाळांचे ताकदीप्रमाणे गट पाडा. पैलवान आखाड्यात वजन करून उतरतात. क्रिकेटमध्ये निदान किटबॅगचे तरी वजन करा. तीन : इतिहास लिहिणाऱ्यांनी दर मोसमात कुणी किती धावा काढल्या याच्या जोडीला किती शाळा उतरल्या आणि किती मुलांना बॅट धरायला मिळाली, तेही छापावे. पहिला आकडा फुगतो आहे आणि दुसरा कुणी विचारत नाही.

आणि चौथे, मुली. ही सगळी ढालींची कथा पिढ्यान् पिढ्या मुलग्यांची होती. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा कितीतरी चांगली फिल्डिंग करायची. कैऱ्या पाडताना चाळीने पाहिले आहे. तिची निवड झाली नाही, कारण पांढरी पँट एकच होती आणि ती मला दिली होती. आता गंमत बघा. शारदाश्रमाचा तो दोन दिवस पॅड बांधून बसलेला मुलगा, मुंबईकडून ढिगाने धावा काढूनही भारताकडून एकदाही न खेळलेला अमोल मुझुमदार, पुढे भारताच्या मुलींचा प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या गच्चीवर सातही जण टाळ्या वाजवत होते. मी वाजवत होतो त्या त्याच्यासाठीही. ज्याने ताटकळत बसणे म्हणजे काय ते पाहिले आहे, त्याला ताटकळलेल्यांना उभे कसे करायचे ते कळले असेल, असे मला उगाच वाटते.

परवा फोर्टात पेन्शनच्या कामाला गेलो होतो. परतताना आझाद मैदानातून स्टेशनकडे निघालो. पायवाटेवर एक चेंडू घरंगळत माझ्या बुटापाशी आला. वाकलो, कंबर बोलली, पण उचलला. मागून ढगळ पांढऱ्या पँटमधले एक पोर पळत आले.

"अंकल, बॉल!"

"स्कोअर किती?"

"त्यांचे तीनशे साठ. एक आऊट."

"तू काय करतोस?"

"मी ऑफस्पिन टाकतो. पण आज नाय दिली अजून." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही खेळायचा काय?"

"हो. हॅरिस शिल्ड."

त्याचे डोळे मोठे झाले. "किती काढलेले?"

"दीड दिवस फिल्डिंग," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने समजल्यासारखी मान हलवली, चेंडू घेतला आणि आपल्या जागेवर पळत गेला. मी लोकलची वेळ चुकवून कडेला उभा राहिलो. त्याला ओव्हर मिळते की काय बघावे म्हणून.